सुईणीचं बिल कोण भरतं? नेदरलँड्समधल्या घरच्या बाळंतपणाची गोष्ट

नेदरलँड्समध्ये घरी बाळंत व्हायचं ठरलं की आधी पलंगाची उंची मोजतात. जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत निदान 70 सेंटिमीटर उंची लागते. पलंग त्याहून बुटका असेल, आणि घरातले पलंग बहुधा बुटकेच असतात, तर पायांखाली लाकडी ठोकळे लावतात. हे ठोकळे रुग्णसाहित्याच्या दुकानातून भाड्याने मिळतात. पूर्वी बिअरचे रिकामे क्रेट लावूनही काम भागवत. उंचीची ही अट बाळंतिणीसाठी नाही. तिच्यापाशी तासन् तास वाकून काम करणाऱ्या सुईणीची आणि नंतर आठवडाभर घरी येणाऱ्या मदतनीस बाईची कंबर धरू नये, म्हणून ती आहे. घरी येणाऱ्या बाईच्या कंबरेचाही नियम करून ठेवणारा देश घरच्या बाळंतपणाकडे किती गांभीर्याने पाहत असेल, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

युरोपातल्या बहुतेक श्रीमंत देशांमध्ये घरचं बाळंतपण विसाव्या शतकात जवळजवळ संपलं. नेदरलँड्समध्ये 1960 च्या दशकातही दर तीन बाळंतपणांतली जवळपास दोन घरी होत. आज ते प्रमाण साधारण सहा-सातांत एक इतकं खाली आलं आहे, तरी आसपासच्या देशांशी तुलना केली तर हा आकडा चकित करणारा आहे. याचं श्रेय डच बायकांच्या धाडसाला किंवा परंपराप्रेमाला देण्याची सवय आहे. मला ते पटत नाही. हे बाळंतपण घरात राहिलं, कारण सुईण कोणी निवडायची, तिने काय करायचं, काय करायचं नाही आणि तिचे पैसे कोणी द्यायचे, हे तिथे फार लवकर आणि फार काटेकोरपणे ठरलं.

पैशाच्या हिशेबाची एक जुनी वही सुदैवाने टिकून आहे. कॅथरीना श्रादर ही 1656 साली जर्मन मुलुखात जन्मलेली बाई लग्नानंतर नवऱ्याबरोबर उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात आली. नवरा शल्यवैद्य होता. 1692 मध्ये तो वारला. पदरात सहा लेकरं आणि हाताला काम नाही, अशा अवस्थेत तिने पुढच्याच वर्षी सुईणपण पत्करलं. आधी हॉलम या खेड्यात, मग डोकम या गावात तिने काम केलं आणि पहिल्या बाळंतपणापासून नोंदी ठेवल्या. बाई कोण, तिचा नवरा काय करतो, मूल कसं आलं, अडलं तर कुठे अडलं, वाचलं की गेलं, हे सगळं तिने लिहिलं. फी किती मिळाली, हेही लिहिलं. या वह्या एकाच वेळी तिचं वैद्यकीय टिपण होत्या आणि घरखर्चाची चोपडीही होत्या. सधन घरातून जास्त, शेतमजुराच्या घरातून नाममात्र किंवा काहीच नाही, असा तिचा रिवाज होता. 1713 मध्ये तिने गावातल्या एका प्रतिष्ठित सोनाराशी दुसरं लग्न केलं, तेव्हा काम कमी केलं. तो गेल्यावर पुन्हा जोमाने सुरू केलं. शेवटचं बाळंतपण तिने 1745 मध्ये केलं, तेव्हा ती 88 वर्षांची होती. एकूण बाळंतपणं भरतात तीन हजारांवर. बर्फातून, कालव्यांच्या काठाने, रात्री-अपरात्री केलेल्या या फेऱ्यांचा इतका तपशीलवार दस्तऐवज त्या काळातल्या फार थोड्या सुईणींनी मागे ठेवला आहे. पुढे इतिहासकारांनी त्या वह्या अभ्यासल्या, छापल्या, आणि अडाणी सुईण नावाच्या प्रतिमेला त्या एकट्या बाईने मोठं भगदाड पाडलं.

श्रादरच्या काळातच डच शहरांमध्ये पगारी सुईणी होत्या. नगरपालिकेच्या तिजोरीतून वर्षाचं वेतन घ्यायचं आणि गरिबांची बाळंतपणं फुकट करायची, असा करार असे. एकोणिसाव्या शतकात सरकारने सुईणीचं काम कायद्यात बसवलं. नैसर्गिक बाळंतपण तिचं. हत्यारं वापरायची वेळ आली की डॉक्टरला बोलवायचं. 1861 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला सरकारी सुईणशाळा निघाली, 1882 मध्ये रॉटरडॅमला. आज हे शिक्षण चार वर्षांच्या पदवीचं आहे आणि पदवी घेऊन बाहेर पडलेली सुईण स्वतःच्या नावाने दवाखाना टाकू शकते. ती डॉक्टरच्या हाताखालची नर्स नाही, हे इथे ठळकपणे सांगायला हवं, कारण आपल्याकडे वाचताना नेमका तोच समज होतो.

आता 1941 साल. देश जर्मन फौजांच्या ताब्यात होता. त्या काळात ठराविक उत्पन्नाखालच्या पगारदारांना आजारपणाचा विमा सक्तीचा झाला आणि त्या विम्याच्या नियमांत एक कलम आलं: नैसर्गिक बाळंतपणाचे पैसे सुईणीला मिळतील; गावात सुईणच नसेल तरच डॉक्टरला. पुढे दवाखान्यातल्या बाळंतपणालाही हाच न्याय लागला. वैद्यकीय कारण असेल तर विमा भरेल, नुसती हौस असेल तर नाही. शेजारच्या देशांत याच दशकांत विम्याचा पैसा दवाखान्यांकडे वाहू लागला आणि बायका त्याच्या मागोमाग गेल्या. डच पैसा सुईणीच्या दारी आला आणि तिचा धंदा तगला. हे कलम विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या ना त्या रूपात टिकलं. कितीही थोर विचार मांडा, बिल कोणाच्या नावाने फाटतं यावर एखादा व्यवसाय जगतो की मरतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पैशाला जोड लागली ती याद्यांची. अ‍ॅम्स्टरडॅमच्या सुईणशाळेचे प्रमुख आणि नंतर तिथल्याच विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झालेले खेरिट-यान क्लोस्टरमन यांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला: कोणत्या बाईला डॉक्टर लागतो आणि कोणत्या बाईला लागत नाही? त्यातून कारणांची यादी तयार झाली. जुळं, पायाळू मूल, आधीचं सिझेरियन, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, 37 आठवडे भरायच्या आत सुरू झालेल्या कळा, 42 आठवडे उलटलेला गर्भ अशी ती यादी आहे. यातलं काही आढळलं की सुईण बाईला दवाखान्याकडे सोपवते. घरचं बाळंतपण नाकारण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही सुईणीकडे असल्यामुळे हा निर्णय बाईच्या हट्टावर किंवा सासरच्या पैशावर राहत नाही.

सुईण शोधायची कशी? दिवस राहिल्याचं कळलं की डॉक्टरची चिठ्ठी न घेता थेट सुईणीच्या दवाखान्यात फोन करायचा. पहिली भेट साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यात होते. एका दवाखान्यात बहुधा चार-सहा सुईणी असतात आणि पाळ्या लावून काम करतात. म्हणजे कळा सुरू होतील तेव्हा त्यांतली कोणती येईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून नऊ महिन्यांत सगळ्यांशी ओळख करून देतात. लहान दवाखान्यात एकदोघीच असतील तर ओळखीचा चेहरा मिळण्याची शक्यता जास्त, पण त्या सुट्टीवर असल्या तर कोण येणार, हे विचारून ठेवावं लागतं. आणखी काही गोष्टी आवर्जून विचारायच्या असतात. तुमच्या घरापर्यंत सुईण किती मिनिटांत पोचेल? जवळचं प्रसूतीचं रुग्णालय कोणतं आणि तिथे दाखल करायची वेळ आली तर सुईण सोबत येते का? पाण्याच्या टबात बाळंत व्हायचं असेल तर ती त्या कामात तरबेज आहे का? नोंदणीकृत व्यावसायिकांचं सरकारी रजिस्टर सर्वांना खुलं असतं, त्यात नाव पाहता येतं. घराचा पिन कोड सगळ्यात महत्त्वाचा, कारण सुईणी आपापल्या हद्दीतच घरी जातात.

पैशाचा भाग आता सविस्तर. 2006 पासून देशात राहणाऱ्या प्रत्येकाला मूळ आरोग्य विमा घ्यावाच लागतो. त्याचा हप्ता प्रौढांना माणशी महिन्याला दीडशे युरोच्या आसपास आहे. या मूळ विम्यात सुईणीची सगळी सेवा येते: गरोदरपणातल्या तपासण्या, बाळंतपण, नंतरच्या घरभेटी. दर सरकारी प्राधिकरण ठरवतं आणि सुईणीचा दवाखाना थेट विमा कंपनीला बिल पाठवतो. बाईच्या हातात कागद येतच नाही. डच विम्यात दरवर्षी पहिले 385 युरो स्वतःच्या खिशातून भरावे लागतात, पण सुईणीची सेवा त्यातून वगळली आहे. खिशाला चाट लागते ती आडवाटेने. रक्त तपासणीची प्रयोगशाळा, औषधं आणि अँब्युलन्स यांचा खर्च त्या 385 मध्ये धरला जातो. स्वस्त पॉलिसी असेल आणि सुईणीच्या दवाखान्याचा त्या कंपनीशी करार नसेल तर परतफेड कमी मिळू शकते. म्हणून पहिल्या भेटीआधी विमा कंपनीला एक फोन करणं शहाणपणाचं.

आणि जिला सगळं सुरळीत असूनही दवाखान्यातच बाळंत व्हायचं आहे, तिने? तिला सुईण दवाखान्यात घेऊन जाते, तिथल्या खोलीत बाळंतपण स्वतः करते आणि काही तासांत आई-बाळ घरी येतात. पण त्या खोलीचे काहीशे युरो बाईला भरावे लागतात, पूरक विमा असेल तर ते परत मिळतात. घर फुकट आणि खोलीला भाडं, हा 1941 च्या नियमाचा वारस आहे. कमी पैशाच्या बाईवर घर लादलं जातं का, असा आक्षेप यावर घेतला जातो, आणि तो रास्त आहे असं मला वाटतं. निवड खरी असेल तर दोन्ही दारांवर एकच किंमत लिहिलेली असावी.

सदतिसाव्या आठवड्यापर्यंत घरात एक खोका तयार असावा लागतो. पुष्कळदा तो विमा कंपनीच पाठवते. त्यात पाणी न झिरपणाऱ्या चटया, मोठे पॅड, निर्जंतुक गॉज, नाळेला लावायची क्लिप आणि अल्कोहोलची बाटली असते. बाकीचं घरातून काढायचं: दोन बादल्या, पुष्कळ टॉवेल, एक चांगला दिवा, थर्मामीटर, बाळासाठी पत्र्याच्या दोन गरम पाण्याच्या बाटल्या. जिना हा डच घरांचा मोठा प्रश्न. अ‍ॅम्स्टरडॅमच्या जुन्या घरांचे जिने इतके अरुंद आणि उभे असतात की त्यांवरून स्ट्रेचर वळत नाही. अशा वेळी अग्निशामक दल खिडकीपाशी येऊन माणूस खाली उतरवतं. म्हणून सुईण घर पाहायला येते तेव्हा ती पाळण्याआधी जिना पाहते.

कळा सुरू झाल्या की सुईण येते, तपासते, आणि वेळ असेल तर परत जाते. नंतर पुन्हा येते. तिच्या बॅगेत बाळाचे ठोके ऐकायचा डॉप्लर, ऑक्सिजन, बाळाला श्वास द्यायचा मास्क, रक्तस्राव आवरायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आणि टाके घालायचं सामान असतं. कंबरेत टोचून वेदना घालवायचं एपिड्युरल नसतं. ते हवं असेल तर दवाखान्यात जावं लागतं. पहिलटकरणींपैकी जवळपास निम्म्या बायका घरी सुरुवात करून कळांच्या मध्यात दवाखान्यात जातात. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण त्यांतल्या बऱ्याच जणी निघतात त्या कळा पुढे सरकत नाहीत म्हणून किंवा वेदना सोसवत नाहीत म्हणून, जिवावर बेतलं म्हणून नव्हे. दुसऱ्या बाळंतपणापासून हे प्रमाण खूप कमी होतं.

बाळ आलं, सुईण गेली, की घर दुसऱ्या बाईच्या हाती येतं. माझ्या मते डच व्यवस्थेतलं खरं नवल ते हेच आहे. बाळंतिणीची देखभाल करणारी ही प्रशिक्षित बाई आठवडाभर रोज काही तास घरी राहते. एकूण किमान 24 तास, जास्तीत जास्त 80. सर्वसाधारण घराला 49 च्या आसपास मिळतात. ती आईचा ताप, रक्तस्राव आणि गर्भाशय किती खाली उतरलं ते पाहते, बाळाचं वजन करते, अंगावर पाजायला शिकवते, मोठ्या पोराला शाळेत सोडते, न्हाणीघर धुते, कपडे मशीनला लावते. तिचा बहुतेक खर्च विमा देतो, आईने ताशी पाचेक युरो भरायचे. श्रीमंत-गरीब सगळ्यांच्या घरी ती येते, घरी बाळंत झालेल्या आणि दवाखान्यातून आलेल्या, दोघींच्याही. पहिल्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायलाही माणूस घरीच येतो.

अ‍ॅमस्टेलवेन, हेग, आइंडहोवन या भागांत आता मराठी कुटुंबं बरीच आहेत, आणि त्यांच्या घरात या बाईची गाठ बाळंतिणीच्या आईशी पडते. व्हिसावर आईला 180 दिवसांतले 90 दिवसच राहता येतं, त्यामुळे तिचं तिकीट तारखेचा अंदाज बांधून काढलेलं असतं. तिच्या सामानात डिंक, अळीव, बाळंतशेपा. डच बाई म्हणते, खोलीची खिडकी उघडा. आई म्हणते, वारा लागेल. डच बाई म्हणते, पाळण्यात टोपडं नको, दुलई नको, बाळ पाठीवरच झोपवा. आईचा जीव टोपड्यावाचून राहत नाही. शेक-शेगडी आणि धुरी तर आगीच्या अलार्मखाली जमतच नाही. पण एका गोष्टीवर दोघींचं बिनबोभाट जमतं. डच घरात बाळ बघायला येणाऱ्यांना गोल कडक टोस्टवर लोणी लावून, वर साखरेत घोळवलेले आणीसचे दाणे पसरून देतात, मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. आणीस खाल्ल्याने दूध वाढतं, असा जुना डच समज. आणीस आणि शेपा एकाच कुळातले, आणि आपल्याकडे शेपा बाळंतिणीला देतात तो याच समजापोटी.

हे सुरक्षित आहे का, या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. 2009 मध्ये डच संशोधकांनी 2000 ते 2006 मधल्या 5,29,688 कमी जोखमीच्या बाळंतपणांची नोंद तपासली. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या आणि दवाखान्यात सुईणीकडून बाळंत व्हायचं ठरवलेल्या बायकांच्या बाळांमध्ये मृत्यू किंवा अतिदक्षता विभागात जाण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी उट्रेख्त भागातल्या अभ्यासाने उलट सूर लावला. सुईणींकडे सुरू झालेल्या कमी जोखमीच्या बाळंतपणांत बाळं दगावण्याचं प्रमाण तज्ज्ञ डॉक्टरांकडच्या जोखमीच्या बाळंतपणांपेक्षा जास्त निघालं. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर टीकाही झाली. इंग्लंडमध्ये 2011 साली सुमारे 64,000 बायकांचा अभ्यास झाला. आधी मूल झालेल्या बायकांसाठी घर आणि रुग्णालय यांत बाळाच्या दृष्टीने फरक नव्हता. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र बाळावर गंभीर संकट येण्याचं प्रमाण घरी हजारी 9.3 आणि रुग्णालयात हजारी 5.3 होतं. हे आकडे बाईला पहिल्याच भेटीत सांगितले गेले पाहिजेत, आणि ठरवायचं तिने.

या निष्कर्षांच्या पायाशी एक अट आहे, ती सहज विसरली जाते. अँब्युलन्स जवळ, रुग्णालय जवळ, सुईण शिकलेली, यादी पाळलेली. अट काढून घेतली की निष्कर्षही गळून पडतो. अमेरिकेत घरी येणाऱ्या सुईणीची फी काही हजार डॉलर असते, अनेक विमा कंपन्या ती देत नाहीत आणि राज्यागणिक कायदा वेगळा. डच आकडे तिथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आपल्याकडेही लावता येत नाहीत. आपल्या सुईणीला लुगडं-खण, नारळ, पायलीभर धान्य मिळे. मूल जगलं तर मान, गेलं तर बोल. तिच्या मागे ना शाळा होती, ना औषध, ना गाडी. 2005 च्या जननी सुरक्षा योजनेपासून सरकारने पैसा दवाखान्यातल्या बाळंतपणामागे उभा केला आणि 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली. जिथे अँब्युलन्स पोचत नाही तिथे हा निर्णय बरोबरच होता. पण घरी शिकलेलं माणूस गेलं तर काय होतं, याचा पुरावाही महाराष्ट्रानेच दिला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या दाईबरोबर बाळंतपणाला हजर राहत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देत, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 2011 पासून देशभर आशा कार्यकर्ती जन्मानंतर बाळाच्या घरी जाते ती याच कामाच्या आधारावर. 42 दिवसांतल्या सगळ्या भेटींचे मिळून तिला तेव्हा 250 रुपये ठरवले गेले. डच बाईच्या एका तासासाठी आईने भरायचे पाचेक युरो आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहिला की मला अस्वस्थ व्हायला होतं.

नेदरलँड्सही निर्धास्त नाही. बायका उशिरा आई होतात, एपिड्युरल मागतात, लहान रुग्णालयांचे प्रसूती विभाग बंद होऊन अंतरं वाढली आहेत. देखभाल करणाऱ्या बायका कमी पडू लागल्यामुळे तास कमी करून मिळतात आणि चौथ्या महिन्याच्या आत नाव नोंदवा, असं पहिल्याच भेटीत बजावतात. पगार वाढवावा, पाळ्या सुसह्य कराव्यात, शिकाऊ बायकांना वाव द्यावा, अशा मागण्या सुरू आहेत, आणि त्या पुरवायच्या की नाही हा पुन्हा विमा कंपन्यांच्या दरपत्रकाचाच प्रश्न आहे.